एकांकिकेचं बॅकस्टेज माझ्याकडे आलंय, नेमकं कोणी काय बघायचं?

शेवटचा_बाक:
नमस्कार सगळ्यांना. मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तीन आठवड्यांनी आमची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एकांकिका आहे. ऑडिशनमध्ये मला रोल मिळाला नाही, वाईट वाटलं पण नाटक सोडायचं नव्हतं म्हणून म्हटलं काहीही काम द्या, तर दिग्दर्शक म्हणाला तू बॅकस्टेज बघ. एवढंच. बघ म्हणजे काय करायचं ते कोणीच सांगत नाहीये. मागे आम्ही सहा जण आहोत, एकांकिका ४५ मिनिटांची, आधी चाळीतली खोली मग ब्लॅकआऊटमध्ये एसटी स्टँड आणि शेवटी परत खोली. काल रन थ्रू, म्हणजे न थांबता आख्खी तालीम केली तर ब्लॅकआऊटमध्ये चौघं एकाच बाकड्याला धरायला धावलो, ट्रंक कोणी उचललीच नाही आणि एसटी स्टँडवर आख्खा सीन मधोमध ट्रंक. दिग्दर्शक स्वतः मेन रोल करतोय म्हणजे प्रयोगात तो मागे नसणार. लाइट ऑपरेट करणारा फायनल इयरचा सिनिअर आहे, त्याला मी काही सांगितलं की म्हणतो मला माहितीये. प्लीज कोणीतरी नीट सांगा, मला हे मनापासून चांगलं करायचंय.

विंगेतला:
अगं, ट्रंक राहिली ते तुमच्यापैकी कोणाच्या आळशीपणामुळे नाही, ट्रंक कोणाच्या नावावर नव्हती म्हणून राहिली. मी पंधराएक वर्षं हौशी नाटकाची रंगमंच व्यवस्था सांभाळतोय आणि सगळे घोळ इथूनच सुरू होताना पाहिलेत. आमच्या एका प्रयोगात टेबलाच्या खणात पत्र हवं होतं, आख्खा शेवट त्या पत्रावर, आणि खण उघडला तर रिकामा. चौघांना विचारलं तर चौघांनाही वाटत होतं दुसऱ्याने ठेवलंय. नटीने पाठ वळवून पदराआडून रिकाम्या हातानेच कागदाची घडी उघडल्यासारखं केलं आणि पाठ असलेलं पत्र म्हणून टाकलं, वाचलो, पण तिचं त्या दिवशीचं काम त्या भीतीने मोडलं ते मोडलंच. तेव्हापासून एक वस्तू एक माणूस, आणि तसं कागदावर लिहून.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवा, ती म्हणजे प्रयोगात शेवटचा शब्द कोणाचा. तालमीत दिग्दर्शकाचा, बरोबरच आहे. तिसरी घंटा झाली की दिग्दर्शकाचं काम संपलं, तो नट म्हणून आत असो की प्रेक्षकांत बसलेला असो. तिथून पडदा पडेपर्यंत विंगेतला, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या आडोशातला, एकच माणूस सांगणार पडदा कधी उघडायचा, एखाद्या नटाला थांबवायचं का, काही तुटलं तर काय करायचं. तुमच्याकडे ती तूच आहेस कारण आख्खं नाटक रोज बघणारी आणि स्टेजवर न जाणारी तूच. आता हे तू स्वतः सिनिअरला सांगितलंस तर तो ऐकणार नाही आणि त्यात त्याचीही फार चूक नाही, त्याला तसं कोणी सांगितलेलंच नाही. दिग्दर्शकाने सगळ्या टीमसमोर, लाइट म्युझिक मेकअप सगळे असताना, नाव घेऊन सांगायला हवं की प्रयोगात हिचं ऐकायचं, मीसुद्धा ऐकणार. हे मात्र त्याच्याकडून करूनच घे, मागे लागून करून घे.

मग संहितेची एक वेगळी प्रत घे, एका बाजूनेच छापलेली, समोरची कोरी बाजू क्यूसाठी, म्हणजे कधी काय करायचं त्या खुणांसाठी. कोणत्या वाक्याच्या कोणत्या शब्दावर लाइट, कुठे म्युझिक, कोण कुठल्या विंगेतून आत, हातात काय, सगळं पेन्सिलने लिही कारण शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलत राहतं. हीच प्रत घेऊन रोज तालमीला बस. एखादा नट आजारी पडला, एक पान उडी मारून पुढे गेला, तरी आपण नाटकात कुठे आहोत हे तुला कळलं पाहिजे.

आता तुमचा चेंज, म्हणजे अंधारात सेट बदलणं. सहाच्या सहा जण आत सोडू नकोस, चार पुरे. प्रत्येकाने जाताना एक वस्तू न्यायची, येताना एक आणायची, रिकाम्या हाताने कोणी ये-जा करायची नाही. एका विंगेतून आत, दुसऱ्या विंगेतून बाहेर, म्हणजे अंधारात टक्कर नाही. ब्लॅकआऊटच्या आधी दहा सेकंद चौघांनी विंगेत डोळे मिटून ठेवायचे म्हणजे अंधारात लवकर दिसायला लागतं, हे करून बघ, खरंच फरक पडतो. वस्तूंच्या जागेवर आणि लेव्हलच्या, म्हणजे स्टेजवरच्या उंचवट्यांच्या, कडांना अंधारात चमकणाऱ्या रेडियमचे छोटे तुकडे. आणि सगळ्यात शेवटी बाहेर येणाऱ्याने बूथच्या, म्हणजे लाइटवाला मागे बसतो त्या खोलीच्या, दिशेने बॅटरी एकदा मारायची, ती दिसल्याशिवाय लाइट आणायचा नाही. तालमीच्या हॉलमध्ये दिवे बंद करून स्टॉपवॉच लावून रोज पाच वेळा करा, पंधरा सेकंदांच्या आत बसलं पाहिजे.

स्पर्धेचा नियमांचा कागद तू स्वतः वाच. सेट लावायला आणि काढायला किती वेळ देतात, तो एकांकिकेच्या वेळेत धरतात का, जास्त लागला तर गुण जातात का. स्टेजवर खिळे ठोकू देतात का हेही विचार, बऱ्याच ठिकाणी नाही देत, मग फ्लॅटच्या (सेटच्या खोट्या भिंतीच्या) ब्रेसवर, म्हणजे मागच्या टेकूवर, ठेवायला वजनं न्यावी लागतात.

ठाणेकरीण:
वरच्या दादांनी बहुतेक सगळं सांगितलंय, मी फक्त कपडे आणि प्रॉपर्टीचं, म्हणजे नट वापरतात त्या वस्तूंचं सांगते, मी तेच बघायचे. विंगेत एक टेबल लावायचं, त्यावर पांढरा कागद चिकटवायचा, प्रत्येक वस्तूची चौकट आखून आत तिचं नाव. चष्मा, पाकीट, एसटीचं तिकीट, जे काय असेल ते. मग नुसती नजर टाकली की कळतं कुठली चौकट रिकामी आहे. पहिल्या घंटेच्या आधी एकदा आणि दुसऱ्या घंटेला परत एकदा, आणि काम झालं की नटाने वस्तू त्याच चौकटीत आणून ठेवायची. नट मंडळी ती खिशात घालून मेकअपरूममध्ये जातात, पहिल्या तालमीपासून सवय लावली तरच लागते.

स्टेजवर चहा असेल तर कोमट दे, गरम चहाने जीभ भाजली की पुढची दोन वाक्यं गेली. कपडे बदलायचे असतील तर त्या सीनची तालीम कपड्यांसकटच घ्यायची, नऊवारी असेल तर शिवलेली, शर्टाला बटणं नुसती दिसायला वर आणि आत वेल्क्रो. मिशी स्पिरिट गमने, म्हणजे मेकअपच्या डिंकाने लावताना आधी घाम नीट पुसून घ्या नाहीतर दिव्यांखाली दहा मिनिटांत एक टोक सुटतं. सुईदोरा, सेफ्टी पिना, जास्तीची नाडी, हे तुझ्या कमरेच्या पाऊचमध्ये, बॅगेत नाही.

आणि कुजबुजू नका गं विंगेत. स्टेजच्या पुढच्या कडेचे फूटमाइक सगळं उचलतात, आमची अर्धी भांडणं पहिल्या पाच रांगांनी ऐकलेली आहेत.

डिमर३:
लाइटवाल्याच्या बाजूने थोडं बोलतो. तो म्हणतो मला माहितीये म्हणजे त्याच्या डोक्यात त्याचे क्यू आहेत, पण मागून त्याला विंग दिसत नाही हे त्याला पटवून दे, हुकूम म्हणून नको. म्हणावं मी तुझे डोळे आहे. त्याच्यासोबत बसून क्यू शीट एकत्र लिहा, नंबर दोघांचे सारखे, म्हणजे तुझ्या प्रतीत ७ नंबर तोच त्याचा ७. म्युझिकवाला त्याच्या शेजारीच बसवा. लॅपटॉप फ्लाइट मोडवर, सगळे ट्रॅक ०१ ०२ असे नंबर घालून आणि तेच पेन ड्राइव्हवर दुसऱ्या माणसाकडे. जिलेटिनचे, म्हणजे लाइटवर लावायच्या रंगीत कागदाचे, जास्तीचे तुकडे कापून ठेवा, उष्णतेने जळतात. आणि लाइट गरम असताना उघड्या हाताने कोणी हलवायला जाऊ नका, जाड हातमोजे असतील तरच.

जुना_पडदा:
मी व्यावसायिक नाटकांच्या सेटवर कामाला होतो, बरीच वर्षं. आमच्याकडे दुपारी चारचा प्रयोग ठाण्याला गडकरी नाट्यगृहात आणि रात्री साडेआठचा बोरिवलीला, असं सर्रास असायचं. मधल्या वेळात सेट काढायचा, टेम्पोत भरायचा, घोडबंदरचा ट्रॅफिक, उतरवायचा, परत उभा करायचा. त्यात भरण्याचा क्रम ठरलेला असतो, जे आधी लागणार ते टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवायचं. तुम्हीही तसंच भरा, नाहीतर दारात उभं राहून आख्खा टेम्पो उपसावा लागतो.

यामागे किती डोकं असतं त्याचं एक उदाहरण सांगतो. १९६२ साली अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ हे नाटक आलं ते फिरत्या रंगमंचावर. नट प्रभाकर पणशीकर त्यात लखोबा या एकाच माणसाची पाच सोंगं करायचे. प्रेक्षक लखोबाकडे बघत असतात तेव्हा मागच्या अर्ध्या भागात हाताने, अंधारात, आवाज न करता पुढचं ठिकाण उभं राहतंय, आणि पलीकडे पणशीकरांचा पुढचा वेश तयार धरून माणूस उभा आहे. नाटकाचा वेग जितका अत्र्यांच्या लेखणीत होता तितकाच त्या हातांत होता असं मी मानतो.

आमच्यात पगार नसतो, नाइट असते. प्रयोग झाला तर त्या प्रयोगाचे पैसे. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा आमच्यातल्या कितीतरी जणांची चूल दुसऱ्याच्या मदतीवर चालली. हे तुला घाबरवायला नाही सांगत. नाट्यगृहात पडदा ओढणारा, लाइट चढवून देणारा जो माणूस भेटेल तो याच्यातलाच असतो म्हणून सांगतो. गेल्या गेल्या त्याला भेट, नाव विचार, तुमचा पडदा कुठल्या वाक्याला कसा पडायला हवा, सावकाश की झटकन, ते समजावून सांग. पोरं येतात आणि मामा पडदा घ्या म्हणून लांबून ओरडतात. तसं करू नको.

शेवटचा_बाक:
सगळ्यांचे खूप खूप आभार, मी सगळं वहीत उतरवून घेतलं. आज तालमीच्या आधी दिग्दर्शकाशी बोलले, त्याने सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन सांगितलं. सिनिअरसोबत बसून क्यू शीट केली, एकूण २३ क्यू निघाले, त्यातले दोन त्यालाही माहीत नव्हते. चेंज पहिल्यांदा ४० सेकंद लागला, पाचव्यांदा २२. ट्रंक आता माझ्या वर्गमित्राच्या नावावर आहे. एकच अडचण, आम्ही डावी विंग म्हटलं की अर्धे जण प्रेक्षकांची डावी धरतात आणि अर्धे नटाची, त्यामुळे दोघं आज समोरासमोर आदळलेच.

विंगेतला:
२२ म्हणजे उत्तम, आठवड्यात १५ होईल. डावी उजवी हे शब्दच टाकून द्या. नाट्यगृह आधी एकदा बघून या, मेकअपरूमच्या बाजूची ती मेकअपची विंग आणि दुसरी भिंतीची विंग. तालमीच्या हॉलमध्येही तीच नावं खडूने जमिनीवर लिहून ठेवा, आणि तुझ्या प्रतीतही बदलून घे, आजच.