सर्व्हरच्या मांडणीची वर्तनाधारित चाचणी : नेमके काय तपासावे?

केळीबाग_रावेर यांचा प्रश्न

नमस्कार. रावेर तालुक्यातील केळी उत्पादकांच्या एका संस्थेचे संगणकाचे काम मी सांभाळतो. आमच्याकडे तीन लिनक्स सर्व्हर आहेत. पहिल्यावर वजनकाट्याच्या पावत्यांचे ॲप चालते, दुसऱ्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे आणि तिसरा बॅकअपसाठी ठेवला आहे. तिन्हींची मांडणी ॲन्सिबल या स्वयंचलित साधनाने होते. त्याचे प्लेबुक (करायच्या कामांची, म्हणजे टास्कची, लिहिलेली यादी) चालवले की एकही लाल ओळ न येता ते पूर्ण होते, म्हणून सर्व्हर ठीक आहेत असे मी इतके दिवस धरून चाललो होतो.

मे महिन्यात एका रात्री वीज गेली, यूपीएसची बॅटरी संपली आणि सर्व्हर बंद पडले. पहाटे वीज आल्यावर ते आपोआप सुरू झाले, पावत्याही निघू लागल्या, त्यामुळे कोणालाच काही जाणवले नाही. तीन दिवसांनी एक शेतकरी जुन्या गाडीच्या वजनाबद्दल विचारायला आले, तेव्हा त्या पावतीचे छायाचित्र उघडेना. छायाचित्रांची वेगळी डिस्क जोडलीच गेली नव्हती. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये त्या डिस्कची नोंद ‘एसडीबी’ या नावाने होती. त्याआधी मी आणखी एक डिस्क बसवली होती आणि पुन्हा सुरू होताना नावांचा क्रम बदलला. नोंदीत ‘नोफेल’ लिहिलेले असल्याने डिस्क न जोडताच सर्व्हर सुरू झाला आणि तीन दिवसांची छायाचित्रे मूळ डिस्कवरच्या रिकाम्या फोल्डरमध्ये जात राहिली. एकही छायाचित्र गमावले नाही, पण त्या शेतकऱ्यांना त्या दिवशी उत्तर न घेता परत जावे लागले, याचे मला वाईट वाटते.

त्यानंतर मी सर्व्हरची स्थिती तपासणारे टेस्टइन्फ्रा हे साधन शिकलो आणि प्लेबुकातील प्रत्येक टास्कसाठी एकेक चाचणी लिहिली: पॅकेज बसवलेले आहे, सर्व्हिस चालू आहे, फाइलची परवानगी ०६४० आहे, एफएसटॅबमध्ये अमुक ओळ आहे, अशा एकूण ६२ चाचण्या. मग एका आभासी यंत्रावर (सॉफ्टवेअरने बनवलेल्या संगणकावर) तोच बिघाड मुद्दाम घडवून आणला आणि चाचण्या चालवल्या. सर्वच्या सर्व ६२ उत्तीर्ण झाल्या. म्हणजे ज्या बिघाडासाठी हा खटाटोप केला, तोच त्यांना दिसला नाही.

‘जर–जेव्हा–मग’ या पद्धतीने वर्तन लिहून चाचणी घेतात, असे मी वाचले आहे. ती पद्धत सर्व्हरच्या मांडणीसाठी वापरावी का, वाक्ये कोणी लिहावीत आणि त्यांत किती खोल जावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

---

गिरणाकाठ (जळगाव)

आपल्या ६२ चाचण्या उत्तीर्ण झाल्या त्याचे कारण आपल्याच वर्णनात आहे. प्लेबुक समोर ठेवून लिहिलेली चाचणी प्लेबुकातले म्हणणेच पुन्हा म्हणते. प्लेबुकात ‘एफएसटॅबमध्ये ही ओळ असावी’ असे होते आणि चाचणीनेही तीच ओळ शोधली. ओळ जागेवर होती, फक्त ती चुकीची होती. विचारातली चूक दोन्ही ठिकाणी सारखीच उतरली, मग तिला पकडणार कोण?

ॲन्सिबलच्या स्वतःच्या दस्तऐवजातही हाच मुद्दा वेगळ्या बाजूने मांडला आहे. तिथे म्हटले आहे की टास्क हे अपेक्षित स्थितीचे वर्णन असल्यामुळे पॅकेज बसले का, सर्व्हिस सुरू झाली का, हे वेगळे तपासण्याची गरज पडू नये. ते काम ॲन्सिबल करतेच आणि न जमल्यास थांबते. त्यामुळे आपला वेळ प्लेबुकाला न दिसणाऱ्या गोष्टींवर घालवावा, म्हणजे सगळे तुकडे एकत्र आल्यावर माणसाला हवे असलेले काम होते की नाही यावर. आपल्या ठिकाणी ते काम म्हणजे पावती निघणे आणि जुनी पावती सापडणे.

सॉफ्टवेअर विकासक डॅन नॉर्थ यांनी २००३ च्या सुमारास ‘चाचणी’ या शब्दाऐवजी ‘वर्तन’ हा शब्द पुढे आणला, तो याच अडचणीतून. प्रोग्रॅमरना कोठून सुरुवात करावी, काय तपासावे आणि काय सोडावे हे कळत नसे. ‘ही वस्तू कशी वागली पाहिजे’ असे विचारले की उत्तर सोपे होते. पुढे २००८ मध्ये क्युकंबर हे साधन आले आणि ही वाक्ये साध्या भाषेत लिहून थेट चालवता येऊ लागली. सर्व्हरची मांडणी करणाऱ्यांनीही ती पद्धत लवकरच उचलली. त्यानंतर २०१३ मध्ये आलेल्या सर्व्हरस्पेक या सर्व्हर तपासणाऱ्या साधनाने वाक्यांचा थर काढून टाकला, पण ‘हे पोर्ट (जोडणीचे क्रमांकित दार) ऐकत असले पाहिजे’ ही वर्णनाची धाटणी ठेवली. आपण वापरता ते टेस्टइन्फ्रा हे त्याच वाटेवरचे पायथनमधील साधन आहे.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट म्हणजे क्युकंबरची गर्किन ही भाषा मराठीतही लिहिता येते. फाइलच्या पहिल्या ओळीत भाषा मराठी असल्याचे सांगितले की मराठी शब्दच आज्ञाशब्द म्हणून चालतात. आपल्या प्रसंगासाठी मी असे लिहीन:

> परिदृश्य: वीज जाऊन आल्यानंतर पावत्या
> जर काट्यावर ४० पावत्या नोंदलेल्या आहेत
> जेव्हा सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो
> मग १० मिनिटांच्या आत काट्यावरून नवी पावती निघते
> आणि आधीच्या ४० पावत्यांची छायाचित्रे उघडतात

यात डिस्क, एफएसटॅब, पोस्टग्रेस यांपैकी एकही शब्द नाही. उद्या आपण डिस्कऐवजी दुसरी साठवण वापरली तरी ही पाच वाक्ये तशीच राहतील आणि मे महिन्यातला बिघाड शेवटच्या ओळीवर अडेल. ‘नवे छायाचित्र वेगळ्या डिस्कवर साठते’ अशी ओळ घालण्याचा मोह होईल, पण ती इथे नको. ती टेस्टइन्फ्रामध्ये ठेवावी. तिथे अमुक जागी डिस्क प्रत्यक्ष जोडलेली आहे का, हे विचारण्याची सोय आहे. एफएसटॅबमधली ओळ शोधणे आणि जोडलेली डिस्क पाहणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मूळ दुरुस्तीही सांगून ठेवतो. नोंद यूयूआयडीने (डिस्कच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाने) करावी, म्हणजे डिस्कच्या नावांचा क्रम बदलला तरी बिघडत नाही. प्लेबुकात माउंटची (डिस्क जोडण्याची) स्थिती ‘प्रेझेंट’ असेल तर फक्त ओळ लिहिली जाते. ‘माउंटेड’ केल्यास डिस्क जोडलीही जाते. ॲपच्या सिस्टमडी युनिटमध्ये (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या फाइलमध्ये) ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ या सूचनेपुढे छायाचित्रांच्या फोल्डरचा मार्ग लिहावा, म्हणजे डिस्क नसेल तर ॲप सुरूच होणार नाही. न सुरू झालेले ॲप पहाटे पाच वाजता फोन करायला लावते, आणि तीन दिवस गुपचूप चुकीच्या जागी लिहिण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

---

धुळे_लिनक्स

गिरणाकाठ यांचा वर्तनाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, मात्र गर्किनच्या थराबद्दल माझे मत वेगळे आहे आणि ते मी सोसलेल्या त्रासातून बनले आहे. प्रत्येक वाक्यामागे ते चालवणारा कोड लिहावा लागतो. ‘सर्व्हर पुन्हा सुरू होतो’, ‘सर्व्हर परत चालू होतो’ आणि ‘सर्व्हर रीस्टार्ट होतो’ ही माणसाला एकच वाटणारी तीन वाक्ये यंत्रासाठी तीन वेगळ्या गोष्टी असतात. दीड वर्षात आमच्याकडे अशी जवळजवळ सारखी शंभरावर वाक्ये साठली. ती वाचणारे आम्ही दोघेच होतो आणि आम्हा दोघांनाही पायथन येत होते.

म्हणून माझा निकष सरळ आहे. सर्व्हरचा कोड न वाचणारे कोणी ती वाक्ये खरोखर वाचणार असेल आणि ‘हे असे नसते’ म्हणणार असेल, तर गर्किन जरूर घ्यावे. तसे कोणी नसेल, तर वर्तनाचाच विचार करून तोच प्रसंग टेस्टइन्फ्रामध्ये एका फंक्शनच्या रूपात लिहावा आणि फंक्शनच्या आरंभी वाक्य मराठीत नोंदवावे. पद्धत तीच राहते आणि सांभाळण्याचा बोजा निम्मा होतो.

---

केळीबाग_रावेर

दोघांचेही मनापासून आभार. धुळे_लिनक्स यांचा निकष वाचून मी गिरणाकाठ यांची पाच वाक्ये कागदावर छापली आणि आमच्या काट्यावर बसणाऱ्या काकांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि विचारले, “पावती निघते, पण तारीख कोणती पडते?” मला प्रश्न कळला नाही. तेव्हा त्यांनी कप्प्यातून पावत्यांचा गठ्ठा काढून दाखवला. हंगामात केळीच्या गाड्या रात्रभर भरल्या जातात आणि मध्यरात्रीनंतरच्या कित्येक पावत्यांवर आदल्या दिवसाची तारीख होती. काका ती हाताने खोडून, शेजारी खरी तारीख लिहून सही करत आले होते. त्यांना वाटले, संगणकाची पद्धतच तशी असेल.

सर्व्हरची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर आहे. ती आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असल्याने रात्री दीड वाजता तिथे आदल्या दिवसाचे आठ वाजलेले असतात. प्लेबुकात मी वेळेच्या पट्ट्याबद्दल काहीच लिहिले नव्हते, म्हणून चाचणीतही काही नव्हते. आता काकांच्याच शब्दांत दुसरा प्रसंग लिहिला आहे: ‘जेव्हा रात्री दीड वाजता गाडी काट्यावर चढते, मग पावतीवर त्याच दिवसाची तारीख पडते.’ आमच्याकडे तरी ही वाक्ये वाचणारा माणूस आहे, असे मला खात्रीने वाटते.

---

धुळे_लिनक्स

असे असेल तर माझी हरकत मी मागे घेतो. वाक्ये कमी ठेवावीत, एवढेच सांगेन. दहा-बारा प्रसंग पुरे.

---

यावल_चाचणी

चर्चेत न आलेली एक बाब म्हणजे हे प्रसंग चालवायचे कोठे. ॲन्सिबलच्या चाचणीसाठी मॉलिक्यूल हे साधन वापरणारे अनेक जण कंटेनरवर (एकाच यंत्रात चालणाऱ्या हलक्या, वेगळ्या कप्प्यांवर) चाचणी घेतात, कारण ते झटपट तयार होतात, प्लेबुक दोनदा चालवून दुसऱ्या वेळी काहीही बदलत नाही ना हे बघता येते आणि शेवटी सगळे मोडून टाकता येते. त्या कामाला कंटेनर उत्तम आहेत. परंतु कंटेनरला स्वतःचा कर्नल (प्रणालीचा गाभा) नसतो, तो खऱ्या अर्थाने बूट होत नाही आणि डिस्क जोडण्याचा तो क्रम तिथे घडतच नाही. आपला सगळा प्रश्न त्याच क्रमात आहे, त्यामुळे आपल्याला पूर्ण आभासी यंत्रच लागेल.

तिथेही रीबूट करून समाधान मानू नये. रीबूटमध्ये सर्व्हिस एकेक करून नीट बंद होतात आणि फाइली लिहून होतात; वीज जाते तेव्हा यांपैकी काहीच होत नाही. आभासी यंत्राची वीज काढून घेण्याची सोय प्रत्येक आभासीकरण प्रणालीत असते, ती वापरावी. शिवाय रीबूट आपण एका वेळी एकाच सर्व्हरचे करतो, तर वीज तिन्हींची एकदम जाते आणि एकदम येते. तसेच करून पाहावे.

पुन्हा सुरू झाल्यावर ठरावीक दोन मिनिटे थांबून मग तपासणे मात्र टाळावे, कारण यंत्र मंद असले की अशी चाचणी उगाच नापास होते आणि मग लोक नापास चाचणीकडे दुर्लक्ष करू लागतात. दर पाच सेकंदांनी विचारत राहावे आणि दहा मिनिटांची मर्यादा संपली तरच नापास धरावे.

काही वर्तने बाहेरूनच तपासता येतात. पोस्टग्रेसचे ५४३२ हे पोर्ट ॲपच्या सर्व्हरसाठी उघडे आणि बाकी सर्वांसाठी बंद असले पाहिजे, हे खुद्द पोस्टग्रेसच्या सर्व्हरवर बसून कळत नाही. तिथून ते उघडेच दिसणार. दोन वेगळ्या यंत्रांवरून विचारावे आणि दुसऱ्याला नकार मिळालाच पाहिजे, हीच चाचणी. बॅकअपचेही असेच आहे. बॅकअपची फाइल तयार झाली, हे वर्तन नव्हे. त्या फाइलमधून कोऱ्या यंत्रावर काल दुपारची पावती परत मिळाली, हे वर्तन.

---

केळीबाग_रावेर

आपण सांगितल्याप्रमाणे तिन्ही आभासी यंत्रांची वीज एकदम काढली आणि एकदम दिली. यूयूआयडीची दुरुस्ती आधीच केलेली असल्याने डिस्क बरोबर जोडली गेली आणि जुनी छायाचित्रे उघडली. नवी पावती मात्र दहा मिनिटे उलटली तरी निघाली नाही. खरे सांगायचे तर चाचणीतच चूक असेल असे मी प्रथम धरले आणि ती पुन्हा चालवली. पुन्हा तेच झाले.

सिस्टमडीची नोंद पाहिल्यावर उलगडा झाला. ॲपचा सर्व्हर पोस्टग्रेसच्या सर्व्हरपेक्षा लवकर उठतो. ॲपला डेटाबेस सापडत नाही म्हणून ते पडते, सिस्टमडी ते लगेच पुन्हा सुरू करते, ते पुन्हा पडते. आणि दहा सेकंदांत पाच वेळा सुरू करून झाले की सिस्टमडी प्रयत्न सोडून देते. ही मर्यादा मुळातच ठरवलेली आहे, मी कुठेही लिहिलेली नव्हती. मे महिन्यात पोस्टग्रेसचे यंत्र आधी उठले असावे, म्हणून तेव्हा आम्ही वाचलो. सर्व्हिसच्या क्रमाची ‘आफ्टर’ ही सूचना इथे कामाची नाही, कारण दोन सर्व्हिस दोन वेगळ्या यंत्रांवर आहेत. सध्या दोन प्रयत्नांमध्ये १५ सेकंदांचे अंतर ठेवले आहे. त्यामुळे ती मर्यादा गाठली जात नाही आणि पोस्टग्रेस उठेपर्यंत ॲप प्रयत्न करत राहते. आता वीज आल्यापासून चार मिनिटांत पावती निघते.

वेळेचा पट्टा प्लेबुकात घातला असून रात्री दीडचा प्रसंगही उत्तीर्ण झाला आहे. ६२ पैकी ४० चाचण्या मी काढून टाकल्या आहेत. डिस्क, परवानग्या आणि पोर्ट यांच्या तेवढ्या ठेवल्या. बॅकअपचा प्रसंग अजून लिहायचा आहे. त्यासाठी काल दुपारची नेमकी कोणती पावती शोधायची, हे काका उद्या सांगणार आहेत.