मदत हवी आहे: किडनीच्या पेशंटला एमआरआयसाठी लोहाचं कॉन्ट्रास्ट?
नमस्कार मंडळी. आम्ही तासगावचे. वडिलांना मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय सांगितलाय, पण ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ३०च्या खाली, म्हणून मिरजेचे डॉक्टर गॅडोलिनियम (एमआरआयचं नेहमीचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र ठळक यावं म्हणून टोचतात ते औषध) द्यायला कचरतायत. त्यातून फेरुमॉक्सिटॉलचा विषय निघाला. मूळचं हे रक्तवाढीचं लोहाचं इंजेक्शन. अमेरिकेत २००९ मध्ये मंजुरी मिळाली तीही किडनीच्या पेशंटच्या ॲनिमियासाठी. रक्तवाहिन्यांच्या एमआरआयला वापरतात ते मंजुरीबाहेर, डॉक्टरांच्या जबाबदारीवर. तासन् तास रक्तातच राहतं, त्यामुळे शिरा-धमन्या ठळक दिसतात. पण जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीबद्दल तिथे २०१५ मध्ये कडक इशारा आला: पातळ करून सलाईनसारखं, किमान १५ मिनिटं सावकाश सोडायचं. वडिलांना आधीच दोन औषधांची ॲलर्जी, घोडं तिथंच अडलंय. सांगली-मिरज, नाहीतर पुण्यात कुणी हे करून घेतलंय का? इंजेक्शन इकडे मिळतं का? की कॉन्ट्रास्टशिवायच्या टीओएफ अँजिओवर (वाहत्या रक्तावरूनच रक्तवाहिन्या दाखवणारा एमआरआय) भागेल? रेडिओलॉजीतल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.