सॅक्सोफोन वाजवून झाला की वाळवायचा कसा? जी शार्प चिकटतोय, मदत हवी

नमस्कार मंडळी. मी निपाणीचा, बँडमध्ये आल्टो सॅक्सोफोन वाजवतो, सेकंड हँड घेतलाय. आधी हातात क्लॅरिनेट होतं त्यामुळं फुंकायचं जमतंय पण निगा कशी ठेवायची ते कुणी शिकवलंच नाही, पाणी झटक आणि ठेव पेटीत एवढंच. सॅक्सोफोनवाल्या कद्री गोपालनाथांचं कर्नाटक म्हणायचं आणि पॅड (भोकं झाकणाऱ्या चामडी गाद्या) बघून देणारा एक माणूस मला निपाणी-चिकोडीत सापडेना.

लग्नसराईत काही त्रास नव्हता. पाऊस लागला, गणपतीची प्रॅक्टिस सुरू झाली आणि जी शार्प या स्वराचं पॅड चिकटायला लागलं. चावी दाबली तरी पॅड उठतच नाही. परवा कोमल धैवत (म्हणजे हाच जी शार्प) लावायला गेलो आणि पंचमच वाजला, ट्रम्पेटवाला हसून हसून खाली बसला.

सध्या मी काय करतो तर नेकचं (वरच्या वाकड्या नळीचं) पाणी झटकतो, सोबत मिळालेला केसाळ ब्रश बॉडीत घालतो आणि तो तसाच आत ठेवून पेटी बंद. दुसऱ्या दिवशी उघडली की ओल्या गोणपाटाचा वास. रीड (फुंकायची पातळ पट्टी) माउथपीसवरच असते, तिच्यावर काळे ठिपके आलेत. ब्रश आत ठेवायचा की नाही? गच्चीवर उन्हात ठेवला तर चालेल का? एकजण म्हणतो पॅडला पावडर लाव, लावू का?

प्रतिसाद १:
दादा, पावडर अजिबात नको, ओल धरून तिचाच लगदा होतो. ऊन पण नको, पॅड लाखेनं नाहीतर ग्लूनं चिकटवलेली असतात, तापली की सरकतात. ब्रश तर आधी बाहेर काढा, आतलं सगळं पाणी त्यानंच धरून ठेवलंय. दोरीला वजन बांधलेलं सुती फडकं घ्या, वजन बेलमधून (खालच्या रुंद तोंडातून) आत सोडा, सॅक्स उलटा करा, नेकच्या बाजूनं दोरी बाहेर आली की सावकाश ओढा, दोन-तीनदा. नेकला वेगळं छोटं फडकं. मग पेटी उघडी ठेवून तासभर पंख्याखाली, आणि ओलं फडकं पेटीत कोंबू नका. रीड काढून, पुसून सपाट ठेवायची. माउथपीस कोमट पाण्यानं धुवा, कढत पाण्यात एबोनाइटचा (माउथपीसच्या कडक काळ्या रबराचा) रंग उतरतो.
जी शार्पच का, तर तो एरवी बंदच असतो, ओलं पॅड भोकावर दाबून तसंच वाळतं, आणि त्याला उचलणारी स्प्रिंग मुळातच हलकी. सिगारेटचा कागद पॅडखाली ठेवून पॅड हलकं दाबा, मग चावी दाबून पॅड उचला आणि कागद काढा, पॅड दाबलेलं असताना ओढू नका, चामडं फाटेल. डिंकाची कड पॅडला लागू देऊ नका.
आणि वाजवायच्या आधी काय खाता-पिता?

धागाकर्ता:
चहा ओ, दुसरं काय! वरातीत दोन गाण्यांच्या मधी गोड चहा येतोच, तोंड न धुता लगेच फुंकायचं.
कागदाची मजा सांगतो. तंबाखूचं गाव आमचं, पण बिडीला लागतं पान, कागद शोधायला तीन पानपट्ट्या फिरलो, एकानं तर बघितलं पण वाईट नजरेनं. पहिल्या कागदावर पिवळट गोल उमटला, चौथा कोरा निघाला. आता धैवत लागतोय.
खालचा सी शार्प पण सुस्त वाटतोय, तो पण बंदच असतो की, त्यालाही हाच कागद चालेल ना?