काकू म्हणतात, कोंडा ज्वारीचा!

मांजराकाठ: लातूरच्या काकूंच्या मधल्या कानातून कोलेस्टिएटोमा काढला, म्हणजे तिथं वाढलेली कातडीची पिशवी. रिपोर्ट मराठीत करून हवाय. तिच्यात साठलेल्या ‘केराटिन’च्या (कातडी-नखांतलं प्रथिन) कचऱ्याला मी ‘कोंडा’ लिहिलं, तर काकू भडकल्या. “कोंडा ज्वारीचा असतो. माझ्या कानात काय जातं मांडलंय?” दुसरा शब्द सुचवा.

बिंदुसरा: डोक्यात होतो त्याला काय म्हणतात मग काकू? कोंडाच की!

स्लाइडवाला: मी पॅथॉलॉजीत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली हे भुग्यासारखं दिसत नाही. मेलेल्या, केंद्रक गेलेल्या पेशींचे थरावर थर, चिरलेल्या कांद्यासारखे. म्हणून ‘पापुद्रे’. त्याभोवती पिशवीचं अस्तर, आणि ते अगदी साध्या कातडीसारखं. नववीच्या पुस्तकातला स्तरित पट्टकी अभिस्तर आठवा. त्याच्याही बाहेर सुजलेली तंतुमय ऊती. हाड खायचं काम बरंचसं तिथून चालतं. पेशी वाईट नसतात हो, जागा चुकलेली असते.

शब्दनिष्ठ: ‘शृंगिद्रव्य’ म्हणा. ग्रीक केरास म्हणजे शिंग, त्यावरूनच केराटिन.

बिंदुसरा: म्हणजे काकूंच्या कानात शिंगं फुटली?

शब्दनिष्ठ: चेष्टा सोपी असते. आपण शब्द घडवले नाहीत तर मराठीत विज्ञान येणार कसं?

स्लाइडवाला: ‘कोलेस्टिएटोमा’ हे मूळ नाव तरी कुठं धड आहे? जर्मन शास्त्रज्ञ म्युलरनं 1838 साली ठेवलं. फोड केली तर पित्त, चरबी, गाठ. चरबीची गाठ नाही, पित्ताचा संबंध नाही, खरा ट्यूमरही नाही. त्याआधी 1829 मध्ये फ्रेंच डॉक्टर क्रूव्हेलिएनं मोत्यासारखी गाठ म्हटलं होतं. दिसतेही तशीच, पांढरी, चकचकीत.

गोदाकाठची: ‘मोतीगाठ’ छानच! पण आमच्या नांदेडकडं गाठ म्हटलं की लोक थेट कॅन्सरवर जातात. आणि मोती म्हटलं की डोळ्यावर. आजी नुसतं “कान फुटलाय” म्हणायची.

शब्दनिष्ठ: कान फुटणे म्हणजे पडद्याला भोक पडणे. ते वेगळं.

गोदाकाठची: छे! पू आला की कान फुटला. भोक कुणी बघितलंय?

शब्दनिष्ठ: फुटणे या धातूतच भेद आहे.

गोदाकाठची: मग गाईला पान्हा फुटतो तेव्हा कुठं भोक पडतं?

मांजराकाठ: ‘पापुद्रे’ लिहू का? काकू विचारतायत.

बिंदुसरा: थांबा हो जरा. आधी घाम फुटतो त्याचं काय, ते सांगा शब्दनिष्ठ.