खोलीभर फोटोकोलाज: सांधे दिसू द्यायचे की लपवायचे?

तुकडेजोड
माझं मत सरळ आहे. चारही भिंतींवर अखंड पॅनोरामा चिकटवला की त्याचा वॉलपेपर होतो. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीचा 'पिअरब्लॉसम हायवे' (१९८६) हा फोटोकोलाज आठवा: सातशेहून जास्त फोटो, रस्त्यावरची एकेक पाटी जवळ जाऊन टिपलेली. एकाच जागी उभं राहून तसं दिसणं शक्यच नाही, म्हणून नजर फिरत राहते. सांधे झाकले की ही गंमत संपली.

क्षितिजरेषा
असहमत. हॉकनीची ती कलाकृती समोर उभं राहून बघायची आहे, आत शिरून नाही. नेदरलँड्समधल्या हेगचा मेसडाग पॅनोरामा (१८८१) घ्या, प्रेक्षकाभोवती गोल फिरणारं समुद्रकाठचं चित्र. उंची सुमारे १४ मीटर, परीघ १२०. वरची कड डोक्यावरच्या छत्रीसारख्या आडोशाने झाकलेली, खालची खऱ्या वाळूत बुडालेली. कड सापडत नाही, म्हणून अंतराचा अंदाज सुटतो आणि आपण समुद्रकाठी असतो. सांधा दिसला की नजर थेट कागदावर आपटते.

तुकडेजोड
तिथे प्रेक्षक मधल्या चौथऱ्यावर, चित्रापासून लांब. ६ मीटर व्यासाच्या खोलीत लोक भिंतीला नाक लावतात हो!

पिक्सेलमोजणी
नाकाचा हिशोब करूनच टाकू. डोळ्याला साधारण एक कला (अंशाचा साठावा भाग) कोनाइतका तपशील वेगळा दिसतो. ३ मीटरवरून तो ०.९ मिमी, म्हणजे ३० डीपीआय (इंचाला ३० ठिपके) पुरतं. अर्ध्या मीटरवरून १७५ लागतं. मधला १०० धरला तरी १८.८५ मीटर परिघाला ७४,२०० पिक्सेल होतात. जेपेग ६५,५३५ लाच थांबतं आणि फोटोशॉपची साधी पीएसडी फाइल ३०,००० ला, त्यामुळे मोठ्या चित्रांसाठीच्या पीएसबी फाइलमध्ये काम करा. कोलाजमध्ये प्रत्येक तुकडा वेगळी फाइल. एक बिघडला तर तेवढाच बदला.

क्षितिजरेषा
फाइल सोपी म्हणून कला तशी करायची? अखंड चित्र फसतं ते बहुतेक टिपतानाच. कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरवला की जवळचा खांब मागच्या भिंतीवर सरकतो, मग जोडताना त्याचे दोन खांब होतात. लेन्सच्या प्रवेश-छिद्राभोवती (लेन्समध्ये समोरून बघताना दिसणारं छिद्र) फिरवा, ३० टक्के ओव्हरलॅप ठेवा, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल.

खळवाला
टिपलं छान, चिकटवणार कोण? कागद खळीने फुगतो, वाळताना आकसतो आणि सांध्यात पांढरी रेघ उघडते. म्हणून पट्ट्या २ सेंमी एकमेकींवर चढवा, पोलादी पट्टी धरून दोन्ही थर एकदम कापा. त्याआधी भिंतीवर सांध्याच्या जागी चित्राच्याच मध्यम छटेचा रंग मारा. रेघ उघडली तरी बोंब होत नाही. खोली चौकोनी असेल तर कोपऱ्यावरून अख्खी पट्टी वळवू नका, कोपरा क्वचितच काटकोनात असतो. २ सेंमी वळवून कापा, पुढची पट्टी नव्याने ओळंबा लावून सुरू करा.

आणि तुकडेजोड, फोमबोर्डवर (हलक्या जाड पुठ्ठ्यावर) चिकटवून भिंतीपासून उचललेल्या तुकड्यांना चार बाजूंनी स्पॉटलाइट मारलेत तर प्रत्येकाला चार सावल्या. मग फोटो कोण बघतंय!

तुकडेजोड
सावलीचं मान्य. एकाच दिशेचा, वरून येणारा प्रकाश हवा. लॅमिनेशनही मॅटच.

क्षितिजरेषा
मग निदान आकाश अखंड ठेवा, गर्दी तुकड्यांत करा. क्षितिज मात्र सगळीकडे डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून १.५५ मीटर.

तुकडेजोड
अहो, क्षितिजच तर मोडायचंय.