आठ ट्रॅक म्हणजे आठ माइक नव्हेत

काळी दोन:
गेल्या आठवड्यात ‘नवशिकी’ यांनी विचारले होते की, घरच्या घरी भावगीते ध्वनिमुद्रित करण्यासाठी पोर्टेबल मल्टिट्रॅक रेकॉर्डर (प्रत्येक माइकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेवणारे छोटे यंत्र) घ्यावा का आणि घेतल्यास कोणता. त्या स्वतः गातात, वडील पेटी वाजवतात आणि धाकटा भाऊ तबला. त्यावर ‘मध्यरात्रीचा मिक्सर’ यांनी “घरात लॅपटॉप असताना असला डबा घेणे म्हणजे खिशात मोबाइल असताना ट्रंककॉल लावण्यासारखे आहे, दोन इनपुटचा इंटरफेस घ्या आणि मोकळ्या व्हा” असे दोन ओळींचे उत्तर देऊन विषय संपवला. (इंटरफेस म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी डबी.) दोन ओळींत इतकी चुकीची माहिती क्वचितच मावते, म्हणून हा स्वतंत्र धागा.

आधी माइक मोजू. तबल्याच्या दायाला एक, बायाला (डग्ग्याला) एक, गळ्याला एक आणि पेटीला एक, असे चार झाले. म्हणजे दोन इनपुटचा इंटरफेस पहिल्याच आवर्तनात बाद होतो. मात्र रेकॉर्डर घेणारेही नेमके याच ठिकाणी फसतात, कारण खोक्यावर ठळक छापलेला आकडा ट्रॅकचा असतो, एका वेळी किती माइक मुद्रित होतील याचा नसतो. टास्कॅमच्या डीपी-००८ईएक्सवर ट्रॅक आठ आहेत, पण एका वेळी दोनच भरता येतात. झूम आर८ची गोष्टही तीच. झूमचा आर१६ आता जुना झाला असला, तरी त्यावर आठही इनपुट एकदम मुद्रित होतात. झूमचाच एच६ हातात मावतो, त्याला माइकच्या चार खाचा आहेत आणि डोक्यावर बसवलेला स्टिरिओ माइक धरून एकूण सहा ट्रॅक मिळतात. या घरासाठी निवड या दोघांतूनच व्हावी.

शिवाय या डब्यांना पंखा नसतो. मे महिन्यात खोलीतला पंखा बंद करून, घामाने निथळत तानपुरा जुळवावा आणि तेवढ्यात लॅपटॉपचा पंखा घरघरू लागावा, हा अनुभव मिक्सर यांना नसावा.

मध्यरात्रीचा मिक्सर:
अनुभव आहे, आणि पैसे मोजून घेतलेला आहे. चार वर्षांपूर्वी मी आर१६च विकत घेतला होता. माझ्याकडे चार कंडेन्सर माइक होते, म्हणजे ज्यांना यंत्राकडून ‘फँटम’ नावाची वीज पुरवावी लागते असे. मुंबईतल्या एका दुकानदाराने “सगळ्या खाचांना फँटम येतो, साहेब” असे छातीठोकपणे सांगितले. घरी येऊन माहितीपुस्तिका उघडली तेव्हा कळले की, तो फक्त पाचव्या आणि सहाव्या इनपुटला येतो. उरलेले दोन माइक मी शोभेला उभे केले. ‘काळी दोन’ यांनी इतकी मोजदाद केली, पण हा आकडा मात्र सोयीस्करपणे गाळला.

दुसरे असे की, मुद्रण हे निम्मेच काम असते. एका गाण्यातले दोन खोकले आणि दाराची एक घंटा काढायला मला त्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर अख्खा रविवार लागला. शेवटी कार्ड काढून सगळ्या फाइली लॅपटॉपवरच नेल्या. जिथे शेवटी जायचेच आहे, तिथून सुरुवात का करू नये? आणि दोन इनपुट पुरतात, हे मी आजही म्हणेन. आधी कानात क्लिक (लयीची टिकटिक) आणि तानपुरा लावून पेटी घ्यावी, मग गळा घ्यावा आणि शेवटी दोन माइक लावून तबला भरून घ्यावा.

ठेकेदार:
मला यंत्रांतले फारसे कळत नाही, पण “तबला भरून घ्यावा” हे वाचून राहवले नाही. तबला म्हणजे वांग्यात भरायचा मसाला आहे काय?

काही वर्षांपूर्वी एका भक्तिगीतांच्या संचासाठी मला असेच एकट्याला काचेच्या खोलीत बसवले होते. कानात टिकटिक आणि आधी मुद्रित झालेला गळा, इतकेच माझ्या सोबतीला होते. सात तास मी केरवा आणि दादरा वाजवला. गायिका मुखडा उचलताना किंचित रेंगाळायची. समोर बसलो असतो तर तिचा श्वास पाहून माझा हात आवरला असता, पण टिकटिक पुढे निघून गेलेली असायची. त्यामुळे सम कधी तिच्या आधी पडली, कधी नंतर. तो संच बाजारात आला तेव्हा घरी मी तो कोणाला ऐकवलाही नाही. तेव्हा यंत्र कोणतेही घ्या, पण तिघांना एका वेळी, एकमेकांसमोर बसून वाजवता येईल असे घ्या.

मध्यरात्रीचा मिक्सर:
ठेकेदार यांच्या भावनांचा आदर राखून सांगतो की, मैफल आणि मुद्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण आवडीने ऐकतो त्या कितीतरी गाण्यांत वादक आणि गायक एका खोलीत एकत्र बसलेलेच नसतात. ज्याला क्लिकवर वाजवता येत नाही, त्याने दोष क्लिकला द्यावा, हे मला पटत नाही.

शिवाय एकत्र बसायचेच असेल, तर मल्टिट्रॅकचा हट्ट तरी कशासाठी? दहा बाय बाराच्या खोलीत तबला गळ्याच्या माइकमध्ये शिरणार, गळा पेटीच्या माइकमध्ये शिरणार आणि तुमच्या हाती चार ट्रॅकवर एकाच गलक्याच्या चार प्रती येणार. मग दोन माइकचा साधा स्टिरिओ रेकॉर्डर मधोमध ठेवा. तुमच्याच म्हणण्याने तुमचा डबा निकालात निघतो.

ठेकेदार:
मला क्लिकवर वाजवता येते. वयाच्या अठराव्या वर्षापासून त्यावरच पोट भरले आहे. न येणारा मनुष्य तक्रार करत नाही, तो काम सोडतो. यापुढे आपल्याशी बोलण्याची माझी इच्छा नाही.

काळी दोन:
भाषा जपावी, ही दोघांनाही विनंती. गलक्याचा मुद्दा मात्र उत्तर देण्याजोगा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो.

आवाज दुसऱ्या माइकमध्ये शिरतोच, पण किती शिरतो हे बैठकीवर ठरते. कार्डिऑइड माइक पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो. गायिकेच्या माइकची पाठ तबल्याकडे येईल अशी बैठक मांडली, माइक तोंडापासून वीतभर ठेवला आणि दोन माइकमधले अंतर त्या वितीच्या किमान तिप्पट राखले, की पुष्कळ काम होते. आमच्या घरी चुलतबहिणीचे गाणे असेच मुद्रित केले. तिच्या ट्रॅकवर बायाचा घुमारा मागे अस्पष्ट येत होता, हे खरे. पण काका पेटीचा भाता जोरात मारतात आणि अंतऱ्यात तिचा आवाज बुडतो, तेवढ्या ठिकाणी पेटीचा ट्रॅक खाली घेता आला. स्टिरिओ रेकॉर्डरवर काकांना खाली घेण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे त्यांना तसे सांगणे, आणि ते आमच्या घरात कोणाला जमलेले नाही.

फँटमबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, माझ्याकडून ते राहून गेले. पण दोन कंडेन्सर आणि दोन डायनॅमिक माइक असतील तर आर१६वर अडत नाही, कारण डायनॅमिकला फँटम लागतच नाही. चारही कंडेन्सर असतील तर एच६ घ्यावा. त्याच्या चारही खाचांना फँटम मिळतो.

जुनी कॅसेट:
हा वाद वाचून करमणूक झाली. चार ट्रॅक कॅसेटवर बसवणारा टास्कॅमचा पहिला पोर्टास्टुडिओ १९७९ साली आला. त्याच जातीचे एक यंत्र माझ्या मामांनी आखातातून आणले होते. त्याची फीत दुप्पट वेगाने धावायची आणि चारही ट्रॅक एकाच दिशेने असल्यामुळे कॅसेट उलटता येत नसे. साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधरा मिनिटेच मावत. ट्रॅक संपले की तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुसून पुन्हा वापरायचे. एकदा मी पेटी, तबला आणि टाळ असे एकत्र केले. टाळ जरा जास्तच झाला होता. तो आजतागायत जास्तच आहे.

आजच्या डिजिटल यंत्रांत चोवीस बिटच्या दर्जाने चार ट्रॅकचे तासाभराचे मुद्रण दोन जीबीच्या आत मावते आणि ट्रॅक शेवटपर्यंत सुटे राहतात. इतके असताना तुम्ही भांडता कशावरून?

नवशिकी:
सर्वांचे आभार. प्रश्न मी विचारला होता, हे मीसुद्धा मध्यंतरी विसरले. एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. बाबांना श्रवणयंत्र आहे आणि त्यावर ते हेडफोन घालत नाहीत. घातला की यंत्र शिट्टी वाजवते. त्यामुळे क्लिकवर पेटी मुद्रित करणे आमच्याकडे शक्य नाही. ते माझ्या ओठांकडे पाहून साथ करतात. माझ्याकडे एक कंडेन्सर माइक आहे आणि उरलेले तीन मंडळाचे जुने डायनॅमिक माइक मिळतील.

मध्यरात्रीचा मिक्सर:
हे पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर माझे दोन रविवार वाचले असते. अशा परिस्थितीत तिघांनी एकत्रच बसायला हवे, चार इनपुट हवेतच, आणि एका कंडेन्सरला आर१६चा फँटम पुरून उरतो. चांगल्या स्थितीतला मिळाला तर घ्या. त्याला यूएसबीने लॅपटॉपशी जोडले की तो आठ इनपुटचा इंटरफेस होतो, म्हणजे अखेरीस माझेच म्हणणे खरे ठरले, याची ‘काळी दोन’ यांनी नोंद घ्यावी.

ठेकेदार, क्लिकबद्दलचे ते वाक्य मी लिहायला नको होते.

काळी दोन:
नोंद घेतली. ट्रंककॉल लागला, असे समजतो.

ठेकेदार:
ठीक आहे. नवशिकी, भावाच्या माइकची पातळी ठरवताना त्याला नुसता ठेका धरायला सांगू नका. तुमचे गाणे रंगले की तो लग्गी (द्रुत, जोरकस बोल) लावणार आणि बाया दुप्पट जोराने दाबणार. आधी त्याला तीच वाजवायला लावा, लाल दिवा लागत नाही ना ते पाहा आणि मग त्या बटणाला कोणालाही हात लावू देऊ नका.