चर्चेविना ४५ लाख कोटी: गिलोटीनला मर्यादा हवी की नको?

पाणवठा:
२३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटींचा खर्च चर्चेविना मंजूर केला. एकाही मंत्रालयाच्या खर्चाच्या मागण्यांवर कुणी बोललं नाही. वेळेअभावी राहिलेल्या मागण्या शेवटच्या दिवशी एकगठ्ठा मताला टाकणं, म्हणजे गिलोटीन, नियमात बसतं. पण राहिलेल्यांसाठीची सोय सगळ्यांनाच लावली तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ११३ नुसार लोकसभेपुढे मागण्या ठेवण्याला अर्थ काय उरतो? १०० रुपयांची कपात सूचना घ्या, म्हणजे मागणी १०० रुपयांनी कमी करा असा प्रस्ताव. ती पैसे वाचवायला नसतेच. त्या निमित्ताने खासदार एखादी रखडलेली योजना नेमकी दाखवतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. गिलोटीन लागलं की ते उत्तर बुडालं. निदान पाच मंत्रालयांवर चर्चा झाल्याशिवाय गिलोटीन लावता येऊ नये.

सरळरेघ:
अजिबात पटलं नाही. त्या अधिवेशनात विरोधक अदानी प्रकरणी संसदेची संयुक्त समिती मागत होते, सत्ताधारी राहुल गांधींची माफी. सभागृह चाललंच नाही. तुमचा नियम असता तर गोंधळ घालणाऱ्यांनी १ एप्रिलचे पगार अडवले असते. खरी छाननी संसदेच्या खातेनिहाय स्थायी समित्यांत होते. ३१ खासदार, पक्षादेश नाही, कॅमेरे नाहीत, समोर खात्याचे सचिव. तिथे फाइल उघडून विचारता येतं.

पाणवठा:
पगार अडत नाहीत हो. लेखानुदान, म्हणजे मागण्या मंजूर होईपर्यंतच्या खर्चाला आगाऊ मंजुरी, कशासाठी आहे? २०१७ पूर्वी अर्थसंकल्प फेब्रुवारीअखेर यायचा, लेखानुदान घेऊन मेपर्यंत मागण्यांवर चर्चा चालायची. तारीख १ फेब्रुवारीवर आणली, मंजुरी मार्चअखेरच उरकू लागली आणि ती सवड गेली.

सरळरेघ:
आणि त्यामुळेच आता खात्यांना एप्रिलपासून पूर्ण वर्षाचा पैसा हाती असतो. पूर्वी मंजुरी होईपर्यंत पावसाळा तोंडावर यायचा, रस्ते-पाटबंधाऱ्यांची कामं लांबायची. मला ते दिवस परत नकोत.

मधलीओळ:
सरळरेघ, तारखेबद्दल तुमच्याशी सहमत. समित्यांबद्दल मात्र नाही. त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. शिफारशींचं काय झालं याचं निवेदन मंत्र्याने सहा महिन्यांतून एकदा करायचं असतं, पण लोकसभेत निवेदनावर त्या वेळी प्रश्न विचारता येत नाही. म्हणजे समितीने पकडलेली चूक पुन्हा कागदावरच राहते. विधेयकं तर समितीपर्यंत पोचेनाशी झाली आहेत: संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या आकडेवारीनुसार १५व्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, १७व्या लोकसभेत १६ टक्के.

सरळरेघ:
विदा (डेटा) संरक्षण विधेयकावर संयुक्त समिती दोन वर्षं बसली, ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने ते मागेच घेतलं. समितीकडे पाठवणं म्हणजे कायदा सुधारणं, असं सरसकट धरू नका. निवेदनावर प्रश्न विचारू द्यावेत, हे मात्र मान्य. त्यासाठी मार्चची मुदत मोडावी लागत नाही.

पाणवठा:
प्रश्न खर्च झाल्यावर विचारून काय करायचं? मंजुरीआधी विचारता यावेत, एवढीच माझी मागणी आहे. पाच मंत्रालयं जास्त वाटत असतील तर तीन घ्या. शून्य मला मान्य नाही.